अमेरिकेत चेकबुक मागवायचं कसं: नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत बँकेत खातं उघडलं की डेबिट कार्ड घरी येतं, अ‍ॅप लगेच चालू होतं, पण चेकबुक येत नाही. ते वेगळं मागवावं लागतं आणि बहुतेक खात्यांवर त्याचे वेगळे पैसे पडतात. आपल्याकडून आलेल्या माणसाला याहून अवघड वाटतं ते पुढचं: चेकबुक बँकेकडूनच घ्यावं असं इथे बंधन नाही. वेबसाइटवर आपला खाते क्रमांक टाइप करायचा, आवडेल ते डिझाइन निवडायचं, आणि दोनेक आठवड्यांनी टपालाने पेटी येते. हे कायदेशीर आहे, रोज हजारो लोक करतात, आणि बँकेपेक्षा स्वस्तही पडतं. फक्त कुठे डोळे उघडे ठेवायचे ते माहीत हवं.

आधी ठरवा, चेक लागणार आहेत का

मित्रांमधले हिशोब झेलवर (बँकेच्या अ‍ॅपमधून एकमेकांना थेट पैसे पाठवण्याची सोय) होतात, वीज आणि फोनची बिलं खात्यातून परस्पर वळती होतात. तरीही चेकच मागणारी मंडळी आहेत. जुन्या वळणाचा घरमालक. घरांच्या सोसायटीची घरमालक संघटना, म्हणजे एचओए. पाळणाघर चालवणाऱ्या बाई. प्लंबर. मुलांची तबल्याची शिकवणी. काउंटीचा मालमत्ता कर, जो कार्डाने भरला तर बहुतेक ठिकाणी वर शुल्क लागतं आणि हजारोंच्या रकमेवर ते टोचतं. मराठी शाळेची फी आणि मंडळाची वर्गणी अजूनही बऱ्याच गावांत चेकने गोळा होते, कारण खजिनदारांना तो हिशोब सोपा जातो.

उलट काही जुने सल्ले आता कालबाह्य झाले आहेत. ‘इमिग्रेशनच्या अर्जाला जोडायला चेकबुक लागतंच’ हे वाक्य तुम्हाला पाच-दहा वर्षांपूर्वी आलेला कोणीही सांगेल. यूएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याने, २८ ऑक्टोबर २०२५ नंतर कागदी अर्जांसोबत चेक आणि मनीऑर्डर घेणं बंद केलं. आता फी क्रेडिट कार्डाच्या किंवा बँक खात्यातून थेट वळती करण्याच्या फॉर्मवर भरायची. फेडरल सरकारही स्वतः लोकांना पाठवायचे कागदी चेक बंद करतं आहे. तसा अध्यक्षीय आदेश २५ मार्च २०२५ला निघाला आणि त्यासाठी ३० सप्टेंबर २०२५ ही मुदत ठरली होती.

तेव्हा वर्षाकाठी दोन-चारच चेक लागणार असतील तर पेटी मागवूच नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘बिल पे’ असतं. तिथे घरमालकाचं नाव-पत्ता भरलात तर बँकच चेक छापून त्याच्या पत्त्यावर पाठवते, बहुतेक वेळा फुकट. पोस्टात १००० डॉलरपर्यंतची मनीऑर्डर मिळते. मोठ्या रकमेला बँकेने स्वतःच्या हमीवर काढलेला कॅशियर्स चेक असतो, आणि काही शाखांत थोडे पैसे घेऊन काउंटरवरच एक-दोन पानं छापून देतात.

आणखी एक गोष्ट खात्याची कागदपत्रं काढून बघा. विद्यार्थ्यांना आणि नव्याने आलेल्यांना बँका हल्ली बिनचेकची खाती देतात. खातं दिसायला चेकिंगसारखंच (म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या खात्यासारखंच), पण त्यावर कागदी चेक चालत नाही. बाहेरची छपाई कंपनी हे तपासणार नाही. ती आनंदाने शंभर चेक छापून देईल आणि पहिलाच चेक परत येईल. बचत खात्याचंही तेच. बँकेला फोन करून ‘या खात्यावर मी बाहेरून चेक छापून घेतले तर चालतील का’ एवढं विचारा.

कागद कोणाचा

भारतात चेकचा कागद बँकेचा असतो. सीटीएस-२०१० या चेकच्या मानकानुसार त्यात ‘सीटीएस इंडिया’ हे जलचिन्ह असलेला कागद, अतिनील दिव्याखाली दिसणारा बँकेचा लोगो, झेरॉक्सवर उमटणारी ‘व्हॉइड’ची अक्षरं, सगळं ठरलेलं. बँक छापून घेते, बँक देते, आणि घराजवळच्या छापखान्यात चेकबुक छापून आणायचं कोणाच्या मनातही येत नाही.

अमेरिकेत तसा एकच ठरलेला कागद नाही. चेक म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेला लेखी हुकूम, इतकंच कायदा बघतो. खालच्या चुंबकीय शाईच्या ओळीचा ठसा, जागा आणि माप यांची मानकं आहेत. ती पाळून कोणीही चेक छापू शकतं. त्यामुळे चेक छापणं हा खासगी छापखान्यांचा धंदा झाला. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये डब्ल्यू. आर. हॉचकिस यांनी १९१५ साली सुरू केलेली डीलक्स आणि १९२३ साली अटलांटात सुरू झालेली हार्लंड (आता हार्लंड क्लार्क) ही त्यातली मोठी नावं. गंमत अशी की बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑर्डर चेक्स’ दाबलंत तरी बहुतेक वेळा तुम्ही अशाच एखाद्या कंपनीच्या पानावर जाऊन पोचता. म्हणजे छापणारा तोच, बँक मध्ये आपला हिस्सा लावते. कॉस्टको-वॉलमार्टच्या नावाने मिळणारे चेकही त्या दुकानात कोणी छापत नाही.

या सोयीची दुसरी बाजू म्हणजे जबाबदारी. बँकेमार्फत मागवलंत तर नाव आणि आकडे बँकेच्या नोंदीतून जातात. थेट कंपनीकडून मागवलंत तर तुम्ही जे टाइप कराल तेच छापलं जातं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत ही एकच काळजी आहे.

आकडे गोळा करा

दोनच आकडे हवेत, राउटिंग नंबर आणि अकाउंट नंबर. पण घाई करू नका, सगळी खरी मेहनत इथेच आहे.

राउटिंग नंबर बँकेची ओळख सांगतो आणि तो नऊ आकडी असतो. अमेरिकन बँकर्स असोसिएशनने १९१० साली ही पद्धत आखली, म्हणून त्याला एबीए नंबरही म्हणतात. मोठ्या बँकांचे असे अनेक नंबर असतात. खातं ज्या राज्यात उघडलं त्याप्रमाणे तो बदलतो. तुम्ही टेक्सासमध्ये खातं उघडून न्यू जर्सीला राहायला गेलात तरी नंबर टेक्सासचाच राहतो. शिवाय वायर ट्रान्सफरचा नंबर कित्येक बँकांत वेगळा असतो. भारतातून पैसे मागवताना तुम्ही जो नंबर घरच्यांना कळवला होता, तो बहुधा वायरचा. तो चेकवर घालायचा नाही. अ‍ॅपमध्ये किंवा बँकेच्या वेबसाइटवर ‘पेपर’ किंवा ‘चेक्स’ असं लिहिलेलं असेल तो घ्या. गूगलवर शोधून पहिला दिसला तो उचलू नका.

राउटिंग नंबर बरोबर उतरवला का, हे घरबसल्या तपासता येतं. नऊ आकड्यांना डावीकडून ओळीने ३, ७, १, ३, ७, १, ३, ७, १ यांनी गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेला १०ने पूर्ण भाग गेला पाहिजे. नमुन्यादाखल १२३४५६७८० घ्या: ३, १४, ३, १२, ३५, ६, २१, ५६ आणि ०, बेरीज १५०. बरोबर. आता त्यातल्या २ आणि ३ची अदलाबदल करून १३२४५६७८० केलं तर बेरीज १५६ होते आणि चूक पकडली जाते. वेबसाइटही हाच हिशोब करून चुकीचा नंबर नाकारते.

अकाउंट नंबरला मात्र असं सार्वत्रिक कुलूप नाही. एका बँकेत तो दहा आकडी, दुसरीत बारा, कुठे सुरुवातीला शून्यं. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर वेबसाइटला काही कळत नाही. चेक मग ‘असं खातंच नाही’ म्हणून परत येतो, किंवा वाईटात वाईट म्हणजे दुसऱ्याच्या खात्याला जाऊन लागतो. म्हणून हा नंबर टाइप करू नका. बँकेच्या पानावरून कॉपी करून पेस्ट करा, आणि मग घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावून ताडून बघा. सुरुवातीची शून्यं गाळू नका.

क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या मालकीची, पतसंस्थेसारखी बँक) खातं असेल तर आणखी एक खोच आहे. तुमचा सभासद क्रमांक वेगळा आणि चेकवर छापायचा क्रमांक वेगळा असतो. हा दुसरा बऱ्याचदा लांबलचक असतो आणि अ‍ॅपमध्ये पटकन सापडत नाही. गुंतवणूक कंपन्यांच्या खात्यांचंही असंच. अशा ठिकाणी ‘चेकच्या मायकर ओळीसाठीचा (म्हणजे तळाच्या चुंबकीय शाईच्या ओळीसाठीचा) खाते क्रमांक’ असं स्पष्ट सांगून मागा. थेट पगार जमा होण्यासाठी बँक जो एक पानी फॉर्म देते, त्यावर बहुतेक वेळा हवं ते सगळं मिळतं.

खातं उघडताना बँकेने चार-पाच सुरुवातीचे चेक दिले असतील तर उत्तमच. त्यातल्या एकावर मोठ्या अक्षरात ‘व्हॉइड’ लिहून त्याचा फोटो ठेवा. बऱ्याच कंपन्या पहिल्या ऑर्डरला तो मागतात. चेकच्या तळाची ओळ वाचायची अशी: उभ्या रेघ आणि दोन ठिपक्यांच्या खुणांमध्ये राउटिंग नंबर, त्यानंतर खाते क्रमांक, आणि शेवटी चेकचा अनुक्रमांक. काही बँका शेवटच्या दोघांची जागा बदलतात. अक्षरांचा तो चौकोनी ठसा ई-१३बी, तोच भारतातल्या चेकवरही असतो.

नाव, पत्ता, क्रमांक

नाव खात्यावर आहे तसंच घाला. मराठी माणसाची अडचण मधल्या नावात असते. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, बँकेत नुसतं आद्याक्षर, घरमालकाकडे काहीच नाही, अशी तीन रूपं फिरत असतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांच्या खात्यावर नावाआधी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’) चिकटलेलं असतं. ते दिसायला कितीही वाईट असलं तरी चेकपुरतं बँकेचं म्हणणं माना. संयुक्त खात्यात दोघांची नावं दोन ओळींत छापता येतात.

पत्ता ऐच्छिक आहे, पण काही ठिकाणी बिनपत्त्याचा चेक घ्यायला कुरकुर करतात. तुम्ही भाड्याच्या घरात असाल आणि वर्षभरात हलणार असाल तर पत्ता न छापणं परवडतं. छापलेला पत्ता जुना झाला म्हणून चेक बाद होत नाही. पेनाने खोडून नवा लिहिला तरी चालतो. फोन नंबर टाकायची गरज नाही. सोशल सिक्युरिटी नंबर आणि ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक तर कोणत्याही परिस्थितीत छापू नका. फॉर्ममध्ये मोकळ्या ओळी दिसल्या म्हणजे त्या भरायलाच हव्यात असं नाही.

सुरुवातीचा क्रमांक तुम्ही ठरवायचा असतो. काही न सांगितल्यास १०१पासून छापतात. लहान आकड्याचा चेक म्हणजे कालपरवाचं खातं, असा समज इथल्या दुकानदारांत खोलवर आहे, त्यामुळे बरेच जण १००१पासून सुरू करतात. त्यात बेकायदा काही नाही. बँकेने दिलेले सुरुवातीचे चेक वापरले असतील तर त्यांचे आकडे पुन्हा येऊ देऊ नका.

एकेरी की दुहेरी, आणि चित्रं

घरगुती चेक ६ इंच लांब आणि पावणेतीन इंच उंच असतो. त्यात एकेरी आणि दुहेरी असे दोन प्रकार. दुहेरीत प्रत्येक चेकखाली पातळ कागद असतो, लिहिलेलं त्यावर उमटतं. आपल्या काउंटरफॉइलची सवय असलेल्यांना तो बरा वाटतो. एकेरीत नोंदवही वेगळी येते आणि ती कोणी भरत नाही. चेक टपालात टाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढायची शिस्त असेल तर एकेरी घ्या, थोडे स्वस्तही पडतात आणि एका पेटीत जास्त बसतात. शिस्त नसेल तर दुहेरी.

पेट्या मात्र एकच घ्या. दोन किंवा चार पेट्यांवर दर खूप उतरतो आणि हात तिकडे जातो. पण महिन्याला दोन चेक लिहिणाऱ्याला शंभर चेकची एक पेटी चार वर्षं पुरते. तेवढ्यात घर बदलतं, बँक बदलते, कधी कधी देशही बदलतो.

चित्रांचा इथे भलताच सुकाळ आहे. कुत्र्याची पिल्लं, दीपगृहं, गरुड, बायबलमधली वचनं, फुटबॉलचे संघ. काही कंपन्या आपला फोटोही छापून देतात, म्हणजे गणपतीबाप्पाचा चेक काढायलाही हरकत नाही. माझं मत विचाराल तर साधा निळा किंवा हिरवा घ्या. आजकाल घेणारा माणूस चेकचा फोटो काढून मोबाइलवरून जमा करतो, आणि गडद चित्रावर लिहिलेली रक्कम कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. २००४च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या ‘चेक २१’ कायद्यामुळे बँकाही मूळ कागदाऐवजी प्रतिमाच एकमेकींना पाठवतात. चेक सुंदर दिसण्यापेक्षा स्वच्छ वाचता येणं महत्त्वाचं.

पैसे घालायचेच असतील तर सुरक्षेवर घाला. चेकच्या पुढच्या बाजूला छोट्या कुलपाचं चिन्ह असतं, आणि कोणत्या सुरक्षा खुणा वापरल्या आहेत ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. रसायन लागलं की डाग पडणारा कागद ही त्यातली सर्वांत कामाची खूण. सहीची रेघ भिंगाखाली बघितली तर ती रेघ नसून बारीक अक्षरं असतात. शेवटी ‘एमपी’ (मायक्रोप्रिंट) छापलेलं दिसेल. होलोग्राम आणि उष्णतेने रंग बदलणारी शाई असलेले चेक महाग असतात. घरगुती वापराला त्यांची गरज नाही.

किंमत आणि पैसे भरण्याचं पान

बँकेमार्फत एका पेटीला साधारण २० ते ३५ डॉलर लागतात. बाहेर त्याच्या निम्म्यात किंवा आणखी कमीत काम होतं. त्याआधी आपल्या खात्यावर चेक फुकट आहेत का ते बघून घ्या. बरीच मोठी शिल्लक ठेवणारी खाती आणि काही क्रेडिट युनियन पहिली पेटी मोफत देतात.

जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यांत अंतर पडतं ते असं. टपालखर्चाशिवाय ‘हँडलिंग’ नावाची रक्कम प्रत्येक पेटीमागे लागते. नाव वेगळ्या अक्षरवळणात हवं असेल तर पैसे. कव्हर हवं असेल तर पैसे. आणि आधीच टिक करून ठेवलेली फसवणूक-संरक्षण योजना, जी पेटीमागे काही डॉलर घेते. ती खूण काढून टाका. खोट्या सहीचा चेक बँकेने वटवला तर वेळेत कळवणाऱ्या खातेदाराला कायद्याचं संरक्षण मुळातच आहे. पहिल्या ऑर्डरची सवलत पुढच्या वेळी मिळत नाही, तेव्हा परत मागवताना भाव पुन्हा बघावा.

नावही न ऐकलेली आणि अविश्वसनीय स्वस्त वेबसाइट असेल तर सोडून द्या. तुम्ही तिला नाव, पत्ता, बँक, खाते क्रमांक सगळं एका पानावर देत आहात. बँकेला विचारलंत तर ती कोणाकडून छापून घेते ते सांगते, आणि त्याच कंपनीकडून थेट घेता येतं. पैसे कार्डाने भरा. ‘खात्यातूनच वळते करा’ हा पर्यायही असतो, पण कार्डाने भरल्यास तक्रार करणं सोपं जातं.

शेवटी चेकचा नमुना पडद्यावर दाखवतात. इथे पाच मिनिटं थांबा. नावाचं स्पेलिंग, बँकेचं नाव, राउटिंग, खाते क्रमांक, सुरुवातीचा अनुक्रमांक. उजव्या कोपऱ्यात अपूर्णांकासारखा एक आकडा दिसेल. त्याच्या छेदात राउटिंग नंबरचे पहिले चार आकडे असतात, पहिलं शून्य असेल तर कधी ते गाळलेलं. तो त्याच्याशी जुळतो का बघा. नमुना तुम्ही मंजूर केलात की चूक तुमची, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

पेटी टपालात असताना

साध्या टपालाने दोन-तीन आठवडे धरा. इथे पैसे वाचवू नका: माग काढता येणारी पाठवणी घ्या. अमेरिकेत टपालातून चेक चोरण्याचं प्रमाण इतकं वाढलं की अर्थखात्याच्या फिनसेन विभागाने २७ फेब्रुवारी २०२३ला बँकांना त्याबद्दल खास इशारा दिला. चोराला लिहिलेला चेक मिळाला तर तो रसायनाने नाव-रक्कम धुऊन नवं लिहितो. कोऱ्या चेकची अख्खी पेटी मिळाली तर धुवायचेही कष्ट नाहीत.

अपार्टमेंटच्या खालच्या पत्रपेट्या कुलूपबंद नसतील तर पेटी बँकेच्या शाखेत किंवा ऑफिसच्या पत्त्यावर पाठवता येते का ते विचारा. छापलेल्या पत्त्यापेक्षा वेगळ्या पत्त्यावर पाठवायला काही कंपन्या जादा पडताळणी मागतात. पोस्टाची ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही मोफत सेवा चालू करा. त्यात आज येणाऱ्या पत्रांचे फोटो सकाळी ईमेलने येतात आणि पार्सलचा ठावठिकाणाही दिसतो. चेकची पेटी साध्या खोक्यात, वर काही न लिहिता येते. जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नका. सांगितलेली तारीख उलटून आठवडा झाला तर कंपनीला आणि बँकेला दोघांनाही कळवा. हरवलेल्या पेटीतल्या सगळ्या अनुक्रमांकांचं पेमेंट बँक थांबवू शकते, पण खातं बंद करून नवं उघडणं जास्त खात्रीचं.

पेटी आल्यावर

सगळी पुस्तकं काढा, पहिला आणि शेवटचा अनुक्रमांक बघा, मधलं एखादं पुस्तक गायब नाही ना ते मोजा. खालची ओळ पुन्हा एकदा बँकेच्या नोंदीशी ताडा. मग पहिला चेक भाड्यासाठी किंवा करासाठी वापरू नका. मित्राला किंवा स्वतःच्याच दुसऱ्या बँकेतल्या खात्याला पाच डॉलरचा लिहा आणि वटतो का बघा. भाड्याचा चेक परत आला तर बँकेचा दंड, घरमालकाचा दंड आणि वर त्याच्या मनात कायमची अढी.

आता लिहायचा कसा

इथे भारतातली सवय आडवी येते ती मुख्यतः चार ठिकाणी.

तारखेत महिना आधी. ०३/०४ म्हणजे ४ मार्च, ३ एप्रिल नव्हे. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की प्रश्नच मिटला.

पुढची तारीख घालून चेक देणं इथे भरवशाचं नाही. भारतात पुढच्या तारखेचे बारा चेक घरमालकाला देऊन निर्धास्त होता येतं. अमेरिकेत तुम्ही बँकेला आगाऊ लेखी कळवलं नसेल तर बँक तो चेक तारखेआधीच वटवू शकते आणि त्यात तिची चूक धरली जात नाही. बारा चेक देऊन ठेवलेत तर बाराही एकाच दिवशी खात्यावर आदळू शकतात.

कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ करण्याला इथे अर्थ नाही. रेघांकडे कोणी बघत नाही. चेक जमा करणाऱ्याने मागे सही करायची असते. तुम्हाला मिळालेला चेक असेल तर मागच्या बाजूच्या वरच्या दीड इंचात सही करा आणि वर ‘फॉर डिपॉझिट ओन्ली’ लिहा.

रक्कम अक्षरी लिहिताना सेंट अपूर्णांकात येतात: बाराशे पन्नास डॉलर आणि पंचाहत्तर सेंट असतील तर शब्दांत बाराशे पन्नास, पुढे ७५/१००, आणि उरलेल्या जागेत रेघ. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरांतली रक्कम खरी धरतात. हे सगळं अर्थात इंग्रजीत लिहायचं. खाली डावीकडच्या ‘मेमो’च्या ओळीत घर क्रमांक किंवा भाड्याचा महिना टाका.

जेल पेनची काळी शाई वापरा. ती कागदाच्या धाग्यांत मुरते आणि धुवायला अवघड जाते. साध्या बॉलपेनची शाई रसायनाने सहज निघते. आणि लिहिलेला चेक संध्याकाळी निळ्या टपालपेटीत टाकून रात्रभर ठेवू नका. दिवसाच्या शेवटच्या उचलीआधी टाका किंवा पोस्टात आत जाऊन द्या.

चेकची मुदतही वेगळी आहे. भारतात १ एप्रिल २०१२पासून ती तीन महिने आहे. इथे सहा महिन्यांनंतर बँक चेक वटवायला बांधील नसते, पण वटवू नये असंही नाही. कोणी तुमचा चेक हरवला म्हणाला तर दुसरा लिहून देण्याआधी पहिल्याचं पेमेंट थांबवा. त्याचं शुल्क आणि मुदत बँकेला विचारून घ्या. लेखी सूचना साधारण सहा महिने चालते.

मंडळाच्या खजिनदारांसाठी थोडं वेगळं

मंडळाचं खातं संस्थेचं असतं आणि त्याचा चेक सव्वाआठ इंच लांब किंवा पूर्ण पानाचा. या चेकवर अनुक्रमांक तळाच्या ओळीत सर्वांत डावीकडे जातो, त्यामुळे घरगुती चेकचा नमुना समोर ठेवून ऑर्डर करू नका. हिशोब क्विकबुक्ससारख्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर पूर्ण पानाचे, प्रिंटरमधून निघणारे चेक घ्या. कंपनी तुमचा सॉफ्टवेअर कोणता ते विचारते, कारण छपाईच्या जागा त्याप्रमाणे ठरतात.

दोन सह्यांच्या रेघा छापून मिळतात आणि घटनेत दोन सह्यांची अट असेल तर त्या छापाव्यातच. मात्र बहुतेक बँका दुसरी सही तपासत नाहीत. खात्याच्या करारातच तसं लिहिलेलं असतं. तो नियम मंडळाने स्वतः पाळायचा. चेकवर कोणा पदाधिकाऱ्याच्या घरचा पत्ता छापू नका, दर निवडणुकीला तो बदलतो. पोस्टात पीओ बॉक्स भाड्याने घेऊन त्याचाच पत्ता छापा. गणपतीत किंवा दिवाळीत हॉलवाला, केटरर आणि ध्वनिवाला यांचे चेक एकदम लागतात, तेव्हा ऑर्डर जुलैत टाका. नवी कार्यकारिणी आली की उरलेले चेक मोजून, शेवटचा अनुक्रमांक कागदावर लिहून, दोघांच्या सह्यांनी हवाली करा.

संपत आले की

पेटीतल्या शेवटच्या पुस्तकांपैकी एकात पुन्हा मागवण्याची चिठ्ठी असते. ती भरून टपालाने पाठवण्याऐवजी वेबसाइटवर जा; जुनी माहिती तिथे असते. पण पत्ता आणि सुरुवातीचा अनुक्रमांक तपासा. खातं बंद केलंत तर उरलेले चेक आडवे-उभे कापणाऱ्या श्रेडरमध्ये घाला. बंद खात्याचा चेक चुकून कोणाला दिला गेला तर तो परत येतो, आणि जाणूनबुजून दिला तर काही राज्यांत गुन्हा ठरू शकतो. बँका एकत्र झाल्या आणि राउटिंग नंबर बदलला तर जुने चेक काही काळ चालतात. किती काळ, ते बँक पत्राने कळवते आणि त्या पत्रातली तारीखच धरायची.